पांढऱ्या विमानाच्या रेघा

दादा,

कपाटावरचं विमानाचं मॉडेल खाली काढू नको, डावा पंख अजून ओला हाय. व्हय, मीच हात लावला. काल तू म्हनलास, पत्र्यांच्या जोडाच्या रेघा काळ्याच भरायच्या. मी म्हनलं, पांढऱ्यावर काळं भरलं तर विमान कसलं, चौकटीची वही दिसंल. तर म्हनलास, "शाळा सोडलेलीनं मला शिकवू नये." डोकंच फिरलं माझं.

तू कामावर गेल्यावर राखाडी रंगात जरा तपकिरी घालून पातळ केला आन् बारीक ब्रशनं रेघांत सोडला. उजव्या पंखाला आधी चकचकीत वार्निश मारलं हुतं, त्यो लय भारी झालाय. डाव्याला दम निघाला न्हाई. वार्निश न मारताच रेघा भरल्या, भाईर आलेला रंग थिनरनं पुसाया गेले, तर खालचा पांढरा रंगच निघून आला. बोटाएवढा डाग पडलाय.

उद्या सकाळी तुला ते प्रदर्शनात मांडायचंय, म्हायतीय. तसलाच पांढरा आनाया पवनानगरातनं जीप धरून लोणावळ्याला चाललीय, सहापर्यंत येते. फोन करू नको, उचलनार न्हाई.

रंग मात्र माझाच बरोबर हाय. आल्यावर माझ्या घाईला काय शिव्या घालायच्या त्या घाल, शाळेचं नाव काढू नको.

छकुली