सुनेच्या दाराला अडकवलेलं जेवण

१ नोव्हेंबर, शनिवार
यार्को सकाळी जहाजावर गेला. तीन आठवडे येणार नाही. हेइनी आणि बाळ पहिल्या मजल्यावर, मी तिसऱ्यावर. म्हणजे आता घरातला कर्ता पुरुष मीच.
निघताना म्हणाला, बाबा, हेइनीकडे लक्ष असू द्या, ती हल्ली फार गप्प असते. मी म्हणालो, तू तुझं इंजिन बघ, इथलं माझ्यावर सोड. गप्प असणं हा आमच्या योएन्सू शहरात आजार नाही.
संकल्प: बाळंतिणीला रोज घरचं ताजं जेवण. आमच्या करेलिया प्रांतात ही जुनी रीत आहे, बाळ झालं की आजूबाजूची माणसं जेवण घेऊन येतात. हे सगळं माझी बायको हेल्वी करायची. ती असती तर प्रश्नच नव्हता. पण मी जन्मभर विम्याच्या कचेरीत लोकांच्या घरांची जोखीम मोजली आहे. एका सुनेचं जेवण मला जड नाही.
पद्धतही ठरवली. पिशवी दाराच्या मुठीला अडकवायची आणि निघायचं. बेल वाजवायची नाही. बाळंतिणीच्या डोक्यावर येऊन बसणारी माणसं मला आवडत नाहीत.

२ नोव्हेंबर, रविवार
सॅमन माशाचं सूप. त्यात घातलेली साय फाटली. गाळून घेतलं, मग फारच पातळ झालं, मग बटाटे वाढवले. शेवटी चमचा उभा राहील असं झालं. बाळंतिणीला घट्टच बरं.
पिशवी अडकवली. आत बाळ रडत होतं. फुप्फुसं दणकट आहेत, अगदी यार्कोवर गेलंय.

३ नोव्हेंबर, सोमवार
आज कलेजी आणि भाताचं भाजलेलं, वर बेदाणे. रक्त भरून येतं. कडेने करपलं, पण करपलेल्या भागात लोह जास्त असणार.
कालची पिशवी अजून मुठीलाच. आधी वाईट वाटलं. मग लक्षात आलं, जिना थंड असतो, ती त्याचा फ्रिज करते आहे. हुशार मुलगी. नवी पिशवी जुनीवर अडकवली.

४ नोव्हेंबर, मंगळवार
विजय! कलेजीचं भांडं माझ्या दाराला अडकवलेलं, लख्ख धुतलेलं. चिठ्ठी नाही, पण रिकामं भांडं हीच चिठ्ठी. हेल्वीची कलेजी आजवर कोणी अशी चाटूनपुसून खाल्ली नव्हती. (हे इथेच राहू दे.)

६ नोव्हेंबर, गुरुवार
आमच्याकडे गुरुवार म्हणजे वाटाण्याचं सूप, त्यात वाद नाही.
जिन्यात राऊनी भेटली. ही हेइनीच्या समोरच्या दारात राहते आणि अख्खी इमारत स्वतःचं माहेर समजते. पातेल्याचं झाकण उघडून म्हणाली, वाटाणे? बाळंतिणीला? अहो आजोबा, बाळाचं पोट फुगवून त्याला छताला लावायचा विचार आहे का?
मग विचारते, तुम्ही तिला शेवटचं कधी पाहिलंत? मी म्हणालो, जेवण आत जातंय, भांडी बाहेर येताहेत. तिने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. म्हणाली, मी बेल वाजवली तर आतून म्हणाली, नंतर या. तेही रडवेल्या आवाजात.
राऊनीला पाहून कोणालाही रडू येईल.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
माझ्या गॅलरीतून वाकलं की त्यांची गॅलरी दिसते. बाबागाडी बाहेर, बाळ त्यात गुंडाळलेलं. छान. आमच्याकडे बाळांना मुद्दाम बाहेर झोपवतात, गारठ्यात ती गाढ झोपतात, यार्को तर याहून कडक थंडीत झोपायचा. हेल्वी मात्र दर थोड्या वेळाने उठून त्याचे गाल चाचपायची, तेवढा भित्रेपणा तिच्यात होता. हेइनी येताना दिसली नाही. नव्या पिढीला आत्मविश्वास आहे.
बाळ बराच वेळ रडलं. मग थांबलं. मी गॅलरीचं दार लावून घेतलं, वारा येत होता.

८ नोव्हेंबर, शनिवार
स्वयंपाकाला सुट्टी, वेलदोड्याचे गोड पाव भाजले. एक बाजू फुगली, एक नाही.
काल दुपारची गोष्ट लिहायची राहिली. बाळांच्या दवाखान्यातली नर्स खाली दारात उभी होती. हेइनी तपासणीला आली नाही, फोनही घेत नाही, म्हणून स्वतः आली होती. बेल वाजवून दमली होती. मला विचारलं, घरात सगळं ठीक आहे ना? मी सांगितलं, मी सासरा, रोजचं जेवण माझ्याकडे, ती झोपली असेल. नर्सचा चेहरा एकदम सैल झाला. म्हणाली, घरचं माणूस इतकं जवळ असलं की आम्हाला काळजी नसते. सोमवारी फोन करायला सांगा म्हणाली.
निरोप चिठ्ठीवर लिहून पावांच्या पिशवीत टाकला. कामाचा माणूस असला की कामं अशी चुटकीसरशी होतात.
खिडक्यांचे पडदे दिवसाही बंद. या दिवसांत तीन वाजताच अंधारतं, तरी दिवा नाही. वीज वाचवते आहे.

९ नोव्हेंबर, रविवार. पितृदिन
यार्कोचा समुद्रावरून फोन. शुभेच्छा दोन शब्दांत आटोपल्या. मग म्हणाला, बाबा, हेइनी फोन उचलत नाहीये. परवा उचलला तर नुसती श्वास घेत होती. तुम्ही आत जाऊन बघितलंत का?
मी म्हणालो, मस्त चाललंय, कलेजीचं भांडं धुऊन पाठवलं तिने.
म्हणाला, तिला कलेजी आवडत नाही, बाबा.
मी म्हणालो, आई झाल्यावर चवी बदलतात. तो हसला. सुटकेचं हसू होतं. म्हणाला, तुम्ही आहात म्हणून मी इथे झोपू शकतो. बापाला याहून काय हवं? डोळे भरून आले.

१० नोव्हेंबर, सोमवार
मुठीला आता इतक्या पिशव्या आहेत की दार उघडलं तर सगळं जमिनीवर येईल. गुरुवारचं सूप, पाव, सगळं तसंच. विचार केला. निष्कर्ष: माझा स्वयंपाक तिला जड जातोय. उद्यापासून साधा बेत.
बाळाचा आवाज बारीक झालाय. सर्दी असेल.
पिशवी लावताना आत हालचाल झाली. दाराच्या अगदी पलीकडे, कोणीतरी कपडा सावरावा तशी. मी तिथे उभा राहिलो. हात बेलकडे गेला होता, हे खरं आहे. पण बाळंतिणीने कदाचित काही धड घातलेलं नसेल, तिला अवघडल्यासारखं होईल. मुद्दाम खोकलो, म्हणजे तिला कळावं मी येऊन गेलो. आणि वर आलो.
जिना चढताना पाठीला गार वाटत होतं. खालचं दार कोणीतरी उघडं ठेवतं. राऊनीच असणार.

११ नोव्हेंबर, मंगळवार, दुपार
सकाळपासून बर्फ. बाबागाडी बाहेरच आहे. टपावर पांढरा थर साचलाय. रडण्याचा आवाज नाही. अखेर बाळाला झोपेची शिस्त लागली.
मॅकरोनी आणि खिमा भाजला, आणि पहिल्यांदाच कुठेही करपला नाही! सोनेरी. फोटो काढला. अंधार पडायच्या आत नेऊन देतो.
गॅलरीतून पुन्हा पाहिलं. थर वाढलाय. गाडी हललेली नाही.
नेऊन देतो.

११ नोव्हेंबर, संध्याकाळ
बाळ ठीक आहे. आधी हे लिहितो. बाळ ठीक आहे. गाल गार होते, पण गुंडाळलेलं अंग उबदार होतं, भुकेलं होतं. रुग्णवाहिकेतल्या बाईने दोनदा सांगितलं.
मी खाली पोचलो तेव्हा राऊनी हेइनीच्या दारासमोर जमिनीवर पालथी पडून दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून आत बघत होती. भोवती माझ्या पिशव्या. मी म्हणालो, हे काय, दुसऱ्याच्या घरात असं डोकावतात का? ती माझ्याकडे न बघता फटीतून म्हणाली, हेइनी, पोरी, मी राऊनी. मी जाणार नाहीये. तू उघड नाहीतर नको उघडू, मी इथेच आहे.
बऱ्याच वेळाने कुलूप वाजलं. हेइनी दाराच्या आतच जमिनीवर बसली होती, अंगात कोट, पायात बूट. कुठे निघाली होती कोण जाणे. राऊनी थेट गॅलरीकडे धावली आणि गाडीतून बाळ उचलून आत घेऊन आली. मी मॅकरोनीचं भांडं धरून उभा होतो. खाली ठेवायला जागा दिसेना.

१२ नोव्हेंबर, बुधवार
राऊनी आली. बेल न वाजवता. आज मीच खुर्ची पुढे केली.
कलेजीचं भांडं तिनेच धुतलं होतं, हेइनीने नाही. जिन्यात वास सुटला म्हणून तोवरचं सगळं कचऱ्यात टाकलं होतं.
हेइनीने तिला सांगितलं, रोज माझी पावलं ऐकू यायची. ती दाराशी येऊन बसायची. मुठीला पिशवी लागल्याचा आवाज यायचा. स्वतःहून दार उघडायला हात उठत नव्हता. वाटायचं, आज काऊको बेल वाजवतील. (मला ती नावानेच हाक मारते.) मग मी निघून जायचो आणि तिला वाटायचं, काऊकोना काही वावगं वाटत नाही, म्हणजे आपण ठीकच असू.
राऊनी रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बसली आणि कॉफी प्यायली.
यार्कोला कळवलंय. पुढच्या बंदरात उतरतोय. माझ्याशी बोलायला नको होतं त्याला, राऊनीला फोन देतो म्हणालो तर लगेच हो म्हणाला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
इस्पितळात गेलो. आई आणि बाळ एकाच खोलीत, नर्स सतत ये-जा करते. बरोबर ओटचं सूप नेलं होतं, रिकाम्या हाताने जायला जमलं नाही.
हेइनीचा चेहरा लहान झालाय. मी बर्फाबद्दल बोललो. निसरड्या वाटेवर वाळू टाकत नाहीत त्याबद्दल बोललो. वाटाणे बाळंतिणीला चालत नाहीत हे आता मला माहीत आहे, असंही सांगितलं. ती ऐकत होती.
मग तिने विचारलं, बेल का नाही वाजवलीत?
मी म्हणालो, वाटलं, बाळ झोपलं असेल.
ती म्हणाली, ते रडत होतं, काऊको.
मी हो म्हणालो. मला ऐकू येत होतं.