आईच्या सँडविचचा सातवा प्रयोग

३ मार्च
बाबांचं वजन छप्पन्न किलो. आई गेल्यापासून पाच महिन्यांत सात किलो उतरलं. डॉक्टर म्हणाले, महिनाअखेर निदान अठ्ठावन्न हवं. बाबा म्हणाले, तुमचा काटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवतोय. त्यांनी चाळीस वर्षं वजनकाटे दुरुस्त केले, त्यामुळे या विषयावर त्यांच्याशी कोणी वाद घालत नाही. डॉक्टरांनी घातला. अर्धा तास गेला.
संध्याकाळी ताईचा फोन. एकतीस तारखेला मी येतेय, वजन वाढलेलं नसेल तर बाबांना माझ्याकडे नेणार, तुझ्याच्याने काही व्हायचं नाही. मी शांतपणे फोन ठेवला. तिने आधी ठेवला होता.

४ मार्च
उपाय सापडला. बाबांना आईच्या हातचं हवंय. रोज सकाळी ती सँडविच करायची. बटर, काकडी, उकडलेलं अंडं, मिरपूड. बाबा पत्र्याच्या डब्यातून कामावर न्यायचे आणि संध्याकाळी डबा चाटूनपुसून साफ. ती चव माझ्या जिभेवर अजून जशीच्या तशी आहे. शिवाय मी घरगुती यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितो. कुठलंही काम पाच पायऱ्यांत बसवणं हा माझा पेशाच. दोन दिवस पुरेत.
ही म्हणाली, अहो, बाबांनाच विचारा ना त्यांना काय हवंय ते. म्हटलं, मग मी कशाला आहे?

६ मार्च, सकाळी ७
प्रयोग पहिला. चारी कडा काढल्या, त्रिकोण कापले. आई कडा काढायचीच. कड लागली की मी घास थुंकायचो म्हणे. बाबांनी एक त्रिकोण खाल्ला, छान झालंय म्हणाले आणि पेपर उघडला. उरलेले तीन मी संपवले. टाकून कसं चालेल?

९ मार्च
पुढचा प्रयोग सुचेपर्यंत आधीचाच रोज सकाळी करतोय. दुसरा चीज घालून. बाबा म्हणाले, छान. एक त्रिकोण. तिसरा भाजून. त्या सँडविच टोस्टरची पुस्तिका माझीच आहे. काकडी पाणी सोडते, ही सूचना त्यात राहून गेली होती. पुढच्या आवृत्तीत घेतो. बाबा म्हणाले, चवीचं नंतर सांगतो, आधी खिडकी उघड.

१२ मार्च
ताईला फोन केला, केवळ खातरजमा म्हणून. म्हणे आई त्यात थोडं मस्टर्ड घालायची. मी साफ नाही म्हटलं. ती म्हणाली, तुला काय आठवणार, तू तर शाळेत डबा बाकाखाली विसरून यायचास. तिला खोटं पाडण्यासाठी चौथा प्रयोग मस्टर्डचा केला. बाबांना ठसका लागला. ताईला तसं कळवलं. तिने विचारलं, किती चमचे घातलंस? मुद्दा तो नव्हता.

१५ मार्च
बेकरीवाल्याने विचारलं, रोज दोन पाव नेताय, घरी काही कार्यक्रम आहे का? कालचा पाव न्या म्हणाला, ताजा नीट कापला जात नाही. मला पाव शिकवतोय. ताजाच आणला. चुरा झाला. चुरा चमच्याने खाल्ला.

१८ मार्च
पाचवा प्रयोग. क्लब सँडविच, तीन मजली, वरून टूथपिक. बाबांनी ते सगळ्या बाजूंनी न्याहाळलं आणि विचारलं, याला सुरुवात कुठून करायची? कवळी तेवढी उघडत नाही.
शर्ट आटले आहेत. हिला सांगितलं. ही म्हणाली, सगळे?

२१ मार्च
दोन गोष्टी लक्षात आल्या. बटर भराभर संपतंय, आणि कापलेल्या कडा कचऱ्यात दिसत नाहीत. हिला विचारलं. म्हणाली, पक्ष्यांना घालते. आपल्या गॅलरीत मी कधी पक्षी पाहिला नाही, पण मी दिवसभर ऑफिसात असतो.
मी आत गेलो तेव्हा बाबा आणि ही बोलायचे थांबले. माझंच कौतुक चाललं असावं.

२६ मार्च
सहावा प्रयोग. ओल्या फडक्यात गुंडाळून तासभर ठेवलेलं. बाबा म्हणाले, छान. आता हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं.
बाबांनी माळ्यावरून बॅग काढून मागितली. आत दोन सदरे आणि बारीक पेचकसांचा संच ठेवला. ताईकडचा काटाही तपासायला हवा, म्हणाले. ऑफिसात इस्त्रीच्या पुस्तिकेत तिसरी पायरी दोनदा लिहिली गेली.

३१ मार्च, सकाळी ७
सातवा प्रयोग. पहिल्यासारखाच. पहिला बरोबरच होता. एक त्रिकोण.

३१ मार्च, दुपारी २
अठ्ठावन्न किलो चारशे ग्रॅम! बाबा म्हणाले, अठ्ठावन्न दोनशे. ताई शेजारी उभी होती. मी डॉक्टरांना पाचही पायऱ्या समजावायला घेतल्या. तिसरीवर त्यांनी मला थांबवलं आणि बाबांना विचारलं, आजोबा, नेमकं काय खाता? बाबा म्हणाले, कडा.
मग सगळं बाहेर आलं. आम्हा दोघांच्या सँडविचच्या कडा काढून आई त्या बटर-मिरपूड लावून बाबांच्या डब्यात भरायची. मधला भाग त्यांच्या वाट्याला कधी आलाच नाही आणि आता तो त्यांना कापसासारखा लागतो. पहिल्याच दिवशी ओट्यावरच्या कडा खाताना हिने त्यांना पकडलं. तेव्हापासून रोज दुपारी ही त्या बटरमध्ये परतून देते, वर दोन अंडी. मला का सांगितलं नाही, असं विचारलं. बाबा म्हणाले, तू सँडविच बंद केलं असतंस, मग कडा कुठून येणार?
ताई इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली. डॉक्टरांनी मलाही काट्यावर उभं केलं. पाच किलो वाढलेत. बाबा म्हणाले, दोनशे ग्रॅम वजा केले तरी फारसा फरक नाही.

१ एप्रिल, सकाळी
ताई एकटी परत गेली. बाबांची बॅग पुन्हा माळ्यावर. कडांचं महत्त्व मी पहिल्यापासून ओळखून होतो, नाहीतर इतक्या निगुतीने कापल्या असत्या का? डॉक्टरांनी मला पाव बंद केलाय. मधले भाग गॅलरीत पक्ष्यांसाठी ठेवले. साडेनऊपर्यंत एकही आला नाही.
हिने कडा परतल्या होत्या. वास बरा होता. बाबांना म्हटलं, एक देता का, बघतो कशी लागते. त्यांनी ताटली स्वतःकडे ओढली. म्हणाले, तुला मधला भाग आहे ना.