गाण्याच्या शेवटी हसणारी बाई

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तब्येत कशी आहे? गेल्या दोन पत्रांत तू नुसतं हवापाण्यावर भागवलंस.

मुद्द्यावर येतो. तुझ्या ढब्बूच्या बँडचं गाणं आमच्या रेडिओच्या तपासणी समितीपुढे आलंय. पोरांना नशेला लावतं, अशी पालकांची तक्रार आहे. ‘टोच ना सुई, येऊ दे हसू’, याचा दुसरा काय अर्थ लावायचा? संशय आला की आम्ही टेप निम्म्या वेगाने लावतो, म्हणजे गिटारच्या गोंगाटातून शब्द सुटे होतात. तसं मी तीनदा ऐकलं. शेवटी एक बाई हसते. घोगरं, ओढत ओढत. पक्की तर्र! अंगावर काटा आला गं. असल्या बायका तुझ्या घरी येतात का?

तो माझा भाचा आहे हे समितीत कुणाला बोललो नाही. पण त्याचे खिसे तपास, बाह्या वर करून दंड बघ. तुझा स्वभाव पांघरूण घालायचा, म्हणून स्पष्ट लिहितोय. पुढच्या गुरुवारी मत द्यायचंय आणि मी बंदीच्याच बाजूने आहे.

रागावलीस तरी उत्तर मात्र धाड,
बारक्या


७ जून

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

खिसे तपासले. भोकं निघाली, ती शिवून टाकली. दंड बघितले, नुसत्या काड्या आहेत.

सुई मात्र घरात आहे आणि ती माझी आहे. गेल्या वर्षी तुला पित्ताचे खडे सांगितले, ते ऑपरेशन गाठीचं होतं. आता तो कॅन्सर हाडांत पोचलाय. कूस बदलताना ओरडते मी. डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलं, नर्सने ढब्बूला टोचायला शिकवलं. पहिल्या दिवशी त्याचाच हात लटपटत होता. आता टोचतो, आणि कळ उतरेपर्यंत उशाशी गिटार घेऊन काहीबाही बडबडत मला हसवतो. गाणं तिथंच झालं, थोडं टेपही तिथंच केलं.

ती तर्र बाई मी आहे, गाढवा! जन्मापासून माझं हसणं ऐकतोयस आणि ओळखू आलं नाही?

बंदी घालायची तर घाल. पोराला व्यसनी म्हणू नकोस. माझं दुखणं समितीत सांगू नकोस, मला कुणाची कीव नको.

माया आहे तशीच आहे, रागासकट,
ताई


११ जून

ती. ताईस,
सा. न.

आज टेप नेहमीच्या वेगाने लावायला सांगितली. वेग कमी केला की माणसाचा आवाजच बदलतो, हे रोज तेच काम करणाऱ्या मला सुचू नये? लगेच ओळखलं. आधी नाकातून, मग ती उचकी. भिंतीकडे तोंड करून रडलो गं.

मग सांगून टाकलं की गाणं माझ्या भाच्याचं आहे आणि ती बाई माझी ताई आहे, पूर्ण शुद्धीत. दुखण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. अध्यक्ष म्हणाले, नातेवाईकाला मत देता येत नाही. मला बाहेर बाकावर बसवलं. गाणं एका मताने बंद झालं. नातं सांगितलं नसतं तर माझ्या मताने बरोबरी होऊन बंदी टळली असती, ताई.

रविवारी येतोय. ढब्बूला म्हणावं, मामालाही टोचायला शिकव. माझा हात लटपटला तर तू हस.

तुझ्या मायेला लायक होऊ पाहणारा,
बारक्या