दोन गाड्या कौलं

ग्रनोबल, जून १७८८

चिरंजीव गास्पार,

तुला आणि सूनबाईला आईचे आशीर्वाद. बाजारात काहीबाही ऐकशील, म्हणून आधीच सांगते, मी धडधाकट आहे. गुडघा खरचटलाय तो पळताना, गोळीने नाही.

तुझी बहीण पेरीन ठीक आहे. तिचे दिवस भरत आलेत, पण घराला छप्पर राहिलेलं नाही. त्याचं असं झालं.

राजाने इथलं न्यायालय एका हुकुमासरशी बंद केलं आणि न्यायाधीशांना शहर सोडायला सांगितलं. ते काही संत नव्हेत, पण नवा कर आला की राजाला "का?" म्हणून विचारणारे तेवढेच होते. म्हणून आम्ही बायकांनी त्यांच्या गाड्यांवरच्या पेट्या उतरवल्या. एका पेटीवर मीच बसले.

"आजी, उठा. राजाची आज्ञा आहे," पेटीवाले न्यायाधीश म्हणाले.

"त्याला म्हणावं, ये आणि उठव."

राजा आला नाही, शिपाई आले. त्यांनी गोळ्या झाडल्या, तेव्हा लोक छपरांवर चढून कौलं फेकायला लागले. रस्त्यात कोण पडलं ते भेटीत सांगेन. पेरीन खालून ओरडत होती, "आई, आपली नको गं!" पण माझ्या हाताशी आपलीच होती.

न्यायाधीश अजून इथेच आहेत.

आपली शेळी दूध देते ना? सूनबाईचा खोकला गेला का?

तू छपरं शाकारणारा, म्हणून तुलाच लिहिते. पाऊस यायच्या आत ये, नातवंड काही उघड्यावर जन्माला घालायचं नाही. कौलं दोन गाड्या आण. छपराला एकच पुरेल, पण राजा दुसरा हुकूम काढल्याशिवाय राहायचा नाही.

अजून शिडी चढणारी,
तुझी आई