अकराशे डावे हातमोजे

३ नोव्हेंबर ९७, सोमवार
आज देसायांना तिसऱ्यांदा फोन. तिसऱ्यांदा तेच. "अक्का, जरा थांबा." अरे किती थांबायचं? भाऊबीज झाली, पाहुणे आले नि गेले, शेडातल्या साती मशिनी फडकी पांघरून बसल्यात. चामडं पाठवा म्हणलं तर "बघतो". पुण्यात बसून तुमी काय बघताय? मी हितं सांगवीत सात बायांची तोंडं बघती.
हेच देसाई, परदेशी माल पाठवणारे दलाल, चैत्रात मोटार घेऊन आले तवा घाई त्यांची होती. म्हणले, जर्मनीचा व्यापारी हाय, कारखान्यातल्या कामगारांचे चामडी हातमोजे विकतो. सगळा माल चीनमधून घेतो. गेल्या साली तिकडच्या बंदरात बोट महिनाभर अडकली, त्याची गोदामं रिकामी पडली. आता त्याला एकाच देशावर अवलंबून ऱ्हायचं न्हाय. दुसरा देश पायजे.
मी म्हणलं, दुसरा देश म्हंजे सांगवी?
हसले. "हो, सांगवीच समजा."
गोठा रिकामा केला. फरशी घातली. मशिनी बसवल्या. आता जरा थांबा.

५ नोव्हें., बुध.
लिहायला लाज वाटती. दे. ची चूक हाय तशी माझीबी हाय. त्यांनी सांगितलं होतं, जोडी-जोडीनं करा. मी ऐकलं न्हाय. डाव्याचा कापायचा साचा वेगळा, उजव्याचा वेगळा. सारखं बदलत बसलं की बायांचा हात बसत न्हाय. म्हणून म्हणलं आधी सगळे डावे उरकू, मग उजवे. कांद्याला आपण तसंच करतो की. आधी सगळी उपटणी, मग कापणी. कुणी एकेक कांदा उपटून कापत बसतं व्हय?
हात बसला, डावे झाले, नि चामडं संपलं. उजव्यांचं चामडं आलंच न्हाय.
पोत्यांत अकराशे डावे. उजवा एक न्हाय. नमुन्याची जोडी होती ती जर्मनीला गेली.
रखमा, माझी धाकटी चुलत जाऊ, म्हणती कशी, "अक्का, जर्मनीत एका हाताची माणसं लई असत्याल." सगळ्या खिदळल्या. मी न्हाय. मागनं भाकरी थापताना हसू आलं नि भाकरी करपली.

१० नोव्हें., सोम.
इंदापूरकडचा मुकादम तात्या आला. तिकडं द्राक्षबागांची छाटणी झालीय, आता घडांची विरळणी. १ डिसेंबरला सकाळी जीप येणार. मार्चपतूर रोज काम, नेणं-आणणं त्याचं. गेल्या साली आमच्या साती जणी जात होत्या. ह्या साली दसऱ्याला मीच त्याला दारातनं परत लावलं. लई तोऱ्यात. "तात्या, आमच्या बाया आता परदेशाचं काम करत्यात."
आज पान चघळत शेडात डोकावला. "परदेश झोपलाय का वैनी?"
चहा दिला.
एकदा बागंला गेल्या की मार्चपतूर शेडाकडं फिरकणार न्हाईत. मधीच चामडं आलं तर मी एकटी सात मशिनी चालवू? आन थांबवल्या नि चामडं आलंच न्हाय, तर सात चुली माझ्या नावानं...

१२ नोव्हें., बुध.
जिवाला थारा न्हाय. सकाळपासनं तीनदा शेड झाडली, कचरा नसताना. शेवटी यष्टी धरून बारामतीला गेले, वेल्डिंगवाल्याकडं. त्यानं डावा घातला, मूठ वळली, शिवण ओढून बघितली. "माल चांगलाय मावशी. उजवा काढा."
सांगितलं सगळं. तो नि त्याचा कारागीर पोट धरून हसले. "डावखुरा वेल्डर सापडला तर कळवतो." हसा. पण जोड्या असल्या तर दर महिन्याला थोड्या घेईन म्हणला. थोड्याच. पण घेईन म्हणला.
येताना डोक्यात तेच. जर्मन एका देशावर बसला म्हणून अडकला. आन मी? चामडं एकाचं, साचे एकाचे, गिऱ्हाईक एकच. मी कुठली शहाणी.

१७ नोव्हें., सोम.
पुणे. हे बरोबर होते. दे. नी चहा सांगितला. मी म्हणलं चहाला न्हाय आले.
त्यांचं फोनवर चाललं होतं तवर टेबलावरचा चीनचा हातमोजा उलटा करून बघितला. शिवण सरळ, टाके बारीक. पण अंगठ्याच्या बेचक्यात टाका दाटलेला. आमच्या सुनंदाचा नेमका तिथंच दाटतो. म्हंजे तिकडंबी कुणी बाई तिथंच वैतागती. तिचा राग येईना. तिला तरी कुणी सांगितलंय का, की तुझा जर्मन दुसरं दार हुडकतोय?
फोन ठेवला. म्हणले, "अक्का, खरं सांगू? तिकडचं बंदर सुरळीत झालंय. माल वेळेवर येतोय. साहेब तुम्हाला सोडत नाहीये. पण सध्या तुम्ही राखीव आहात."
"राखीव म्हंजे?"
"तिकडं काही अडलं, तर लगेच तुमच्याकडं काम."
हे घरात कधी तोंड उघडत न्हाईत, तितं उघडलं. "स्टेपनी."
दे. हसले. "तसंच समजा."
मी म्हणलं, "साहेब, स्टेपनीला भूक लागत न्हाय. माझ्या बायांना लागती."
मग काय म्हणले? बघतो!

२१ नोव्हें., शुक्र.
सगळ्यांना शेडात बसवून खरं ते सांगितलं. राखीव, बंदर, सगळं. उजव्यांचं खापर माझ्यावर घेतलं.
रखमा म्हणली, "मंग आमी जीपमधी बसतो. जर्मन जागा झाला की हाक मारा." चिडून म्हणली असती तर बरं झालं असतं. सरळ म्हणली.
सुनंदा मशिनीवरचं फडकं सारखं करत बसली. तिचं लेकरू आठ महिन्यांचं. शेडात पाळणा हाय, जीपमधी न्हाय. सगळ्या गेल्यावर दारात थांबली. "अक्का, मी एकटीच आले मशिनीवर तर?" चामड्याबिगर काय शिवणार बाई तू? पाळण्याची दोरी सैल झाली व्हती ती आवळत बसले.
जाताना रखमाच म्हणली, जीप येस्तवर वाट बघतो. पुढं न्हाय.

२४ नोव्हें., सोम.
फोनवर "बघतो" म्हणता येतं, कागदावर म्हणून बघा. पत्र लिहिलं. ह्यांना वाचून दाखवलं. म्हणले, "लई कडक झालं." मी म्हणलं, ऱ्हाऊ द्या. उद्या हे स्वतः पुण्याला जाऊन दे. च्या हातात देणार. नक्कल हितं ठेवती.

देसाई साहेबांस,
जोड्या न करता सगळे डावे केले ही चूक माझी. ती मी कुणावर ढकलत न्हाय. पण चामडं थांबवलं तुमी.
तुमच्या जर्मन साहेबाला सांगा, एका देशावर बसायचं नसंल तर दुसऱ्या देशाला काम द्यावं लागतं. चीनला सगळं द्या, माझं म्हणणं न्हाय. तिकडच्या बायांचं पोट मारून मला माझं भरायचं न्हाय. पण दर महिन्याला थोडं हिकडं द्या. थोडं चालंल, पण दर महिन्याला. हात चालू ऱ्हायला पायजेत. राखीव म्हणून नुसतं बसवून ठेवलं, तर परत बोट अडकंल तवा तुमी मोटार घेऊन याल नि शेडात कोण नसंल. सगळ्या बाया इंदापूरच्या बागंत असतील.
आणि मीबी एका दारावर बसणार न्हाय. बारामतीत दुसरं गिऱ्हाईक बघितलंय. त्याला तुमची हरकत चालणार न्हाय.
उजव्यांचं चामडं कधी देता? आणि दर महिन्याला किती जोड्या, ते लिहून देता का न्हाय? एवढंच विचारायचंय. सोमवारी सकाळी जीप येती. शनिवारी, २९ तारखेला, बारा वाजता मी बारामतीतनं फोन करती. होय म्हणा नाहीतर नाही म्हणा. बघतो म्हणू नका.