आंबेहळदीची बोटं

मंगळवार, संध्याकाळ

माजिवड्याच्या डॉक्टरांनी आज सासूबाईंच्या छातीतल्या गाठीबद्दल समजावलं. कॅन्सरच्या पेशी शेजारच्या चांगल्या पेशींना निरोप धाडतात. त्या बिचाऱ्यांना वाटतं, जखम झालीय, भरून काढू. मग त्याच गाठीला रक्त पुरवतात.

ह्यांनी विचारलं, "आई, कधीपासून आहे?"

"आत्ताच रे," त्या म्हणाल्या.

मी पिवळी बोटं ओढणीत लपवली. "मुका मार आहे, कुणाला सांगू नकोस," असं सासूबाईंनी गणपतीत गाठ दाखवून बजावलेलं. तेव्हापासून रोज आंबेहळद मीच उगाळतेय. त्या चांगल्या पेशींपेक्षा मी काय वेगळं केलं? ह्यांना आज तरी सांगायचं होतं. मी न सांगताच घरी आले.

बोटं दोनदा धुतली, पिवळीच आहेत.

आत्ता आतून हाक आली, "लेप आणतेस ना गं?"

माझ्या तोंडून गेलं, "आणते."