दारापुढचा घेवडा

तीर्थरूप आत्या,

एलुबीने गुडघे टेकून नमस्कार केलाय असं समज. (खरंच टेकलेत. बादली पालथी घालून तिच्यावर लिहितेय.) तुझी कंबर कशी आहे? शेळी व्याली का? शेजारची भांडणं मिटली का? मी बरी आहे. ताईचं सांगायचंय, पण सगळं क्रमाने सांगते, नाहीतर माझा गोंधळ होतो.

तर परवा पहाटे दवाखान्यात तामांडाताईला बाळंतपणाच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. आपल्याला काही आत सोडत नाहीत. मी बाहेर सोबतीणींच्या शेडमध्ये, आपली चूल, आपलं पातेलं आणि मक्याच्या पिठाची थैली घेऊन. दुपार झाली तरी दाराने तोंड उघडलं नाही. निळा रंग आहे त्याला, खाली पोपडे निघालेत. बघता बघता मला त्या पोपड्यांत सरोवर दिसायला लागलं, सरोवरात होडी, होडीत ताई, पाठमोरी. हाक मारली असती तर वळली असती. पण हाक मारायला तोंड लागतं, आणि माझं तुला ठाऊक आहे. (सातवीत शाळा सुटली तेव्हा सगळ्यांना वाईट वाटलं. मला बरं वाटलं, हजेरीला 'हजर' म्हणायला नको.)

एवढ्यात राजधानीहून, लिलाँग्वेहून एक बाई आणि एक टायवाले साहेब आले. त्यांनी शेडमध्ये जमिनीवर चित्रं मांडली, औषधाची बाटली, अँब्युलन्स, मच्छरदाणी, नर्स. मग बाईंनी प्रत्येकीला मूठमूठ शेंगदाणे दिले. आता आत्या, पाहुणी स्वतः दोन्ही हातांनी देते म्हटल्यावर काय करायचं असतं? आम्ही गुडघे टेकले, हलक्या टाळ्या वाजवून आभार मानले आणि तिच्यासमोरच खाऊन टाकले. न खाणं म्हणजे तिचा अपमान. साहेब आमच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी सांगितलं, की सरकारी दवाखाने सुधारायचेत, त्यासाठी आधी कशाचा अभ्यास करायचा ते तुम्ही ठरवा. ज्या चित्राचा प्रश्न मोठा वाटेल त्याच्यावर दाणे ठेवायचे होते. एनिफा आजी (सुनेच्या सोबतीला आलीय, सूनही त्याच दाराआड) दात कोरत म्हणाली, "भाजलेत छान. आता विचारा काय ते."

मग साहेबांनी बाजारातून घेवड्याचे कच्चे दाणे आणले, म्हणजे कोणी खाणार नाही. अँब्युलन्सवर बरेच पडले, बाटलीवरही पडले. माझी मूठ मात्र तशीच राहिली. माझ्या प्रश्नाचं चित्रच नव्हतं. शेवटी मी सगळ्यांची नजर चुकवून काडीने धुळीत एक दार काढलं, त्याच्यापुढे माझे दाणे ठेवले आणि लांब जाऊन ढगांकडे बघत उभी राहिले. बाईंनी विचारलं, हे कोणाचं? मी ढगात.

एनिफा आजी म्हणाली, "दार आहे ते, बाई. आपलं माणूस आत जातं, आणि जगलं का गेलं ते बाहेर येऊन कोणी सांगत नाही. ते दार."

मग एक सोबतीण उठली, तिने अँब्युलन्सवरचे आपले दाणे उचलले आणि दारापुढे आणून ठेवले. मग दुसरी. होता होता टेकडीच झाली. मला वाटायला लागलं, आता हे धुळीतलं दार उघडेल आणि ताई होडीतून उतरून येईल.

साहेब कॅमेरा आणायला गाडीकडे गेले. तेवढ्यात चुली पेटायची वेळ झाली. आजीने टेकडी ओच्यात भरली, धुतली आणि पातेल्यात टाकली. तिचं म्हणणं, प्रश्न विचारून झाला ना? परत आलेल्या साहेबांनी कळवळून विचारलं, किती दाणे होते हो? आजी म्हणाली, "पातेलंभर. लिहून घ्या."

घेवडा शिजला, वास सुटला आणि आत्या, खरं दार उघडलं. नर्सबाई आल्या. बिचाऱ्या एकट्याच होत्या आणि सकाळपासून उपाशी. आजीने मक्याचं पीठ घोटून केलेल्या न्सिमाच्या गोळ्याबरोबर घेवडा वाढला. तो संपला. परत वाढला. मग बोटं चाटता चाटता म्हणाल्या, "तामांडाची सोबतीण कोण गं? मुलगी झालीय तिला. केव्हाचीच. दोघी झोपल्यात."

मला खूप काही बोलायचं होतं. मी त्यांच्या ताटात अजून एक पळी घातली.

तुझी,
एलुबी

ता. क. जमलं तर थैलीभर घेवडा पाठव. आजीची सून अजून आतच आहे.

ता. क. आत्ताच ताईने बाहेर आल्यावर हे पत्र वाचलं आणि माझा कान धरला. म्हणाली, "वेडे, पहिल्याच ओळीत का नाही लिहिलंस? आत्या शेवटपर्यंत जीव मुठीत धरून वाचणार." खरंच की गं. मुद्दाम नाही केलं, नादात राहून गेलं. नर्सबाईंचंही असंच, कामाच्या नादात सांगायचं राहून जात असेल का? ती लिलाँग्वेची मंडळी पुढच्या आठवड्यात परत येणार आहेत, हे त्यांना सांगायला हवं. सांगेन मीच. तू फक्त ये आणि माझ्या शेजारी बस.